पिंपरीचे हॅमायसिन

मे 2021. मदिनत खलीफातल्या घरी बसून मी पुण्यातल्या औषधविक्रेत्यांना फोनवर फोन लावत होतो. मामा करोनातून उठले, तोच म्युकरमायकोसिसने गाठले. अ‍ॅम्फोटेरिसिन हे इंजेक्शन हवे होते आणि महाराष्ट्रभर त्याचा तुटवडा होता. मामांची सारी नोकरी पिंपरीच्या ‘एच. ए.’मध्ये, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झालेली. याच कुळातले एक औषध त्या कारखान्यात शोधले गेले होते. मंडळाच्या वाचकांना ती हकिकत सांगावीशी वाटते.

हा सरकारी कारखाना 1954 साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. मुख्य काम पेनिसिलिनचे, पण डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी तेथे संशोधनही करीत. 1961 च्या सुमारास त्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून बुरशीनाशक द्रव्य मिळवले. जीवाणूला पिंपरीवरून ‘पिंप्रिना’ हे नाव मिळाले, तर औषधाला ‘हॅमायसिन’. त्यातला ‘हॅ’ एच. ए.चा!

मी संगणकवाला, डॉक्टरेटही अभियांत्रिकीतली. पण कोणतीही यंत्रणा नेमकी कुठे मोडते, हे पाहण्याची खोड जात नाही. यीस्ट काय किंवा बुरशी काय, त्यांच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते. आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल. या कुळातली औषधे अर्गोस्टेरॉलला धरतात, पटल गळू लागते आणि आतले पोटॅशियम बाहेर जाते. अ‍ॅम्फोटेरिसिन स्पंजासारखे अर्गोस्टेरॉल शोषून घेते, असेही 2014 मध्ये दिसून आले. यीस्ट आपले स्टेरॉल बदलून निसटू शकते, पण मग बहुधा तिची वाढच खुंटते. म्हणून या औषधांना दाद न देणारे यीस्ट बरीच वर्षे विरळा राहिले. फ्लुकोनॅझोलची तऱ्हा निराळी: ते अर्गोस्टेरॉल बनूच देत नाही. म्युकरवर मात्र ते चालत नाही.

अडचण एवढीच की ही दोन स्टेरॉले चुलत भावंडे आहेत. त्यामुळे अ‍ॅम्फोटेरिसिनचा घाव आपल्या मूत्रपिंडावरही पडतो. हॅमायसिन तर मुख्यतः तोंडात व त्वचेवर लावण्यापुरतेच राहिले.

चौथ्या दिवशी इंजेक्शने मिळाली. मामा वाचले, उजवा डोळा गेला. औषधाचे नाव ऐकून त्यांनी फोनवर विचारले होते, “आमच्या हॅमायसिनचंच भावंड का रे ते?”

मी हो म्हणालो.