तळटीप १४ : मांगू

मांगू : डॉमिनिकन प्रजासत्ताकातली न्याहारी. भाजीची हिरवी, पिठूळ केळी सोलून मिठाच्या पाण्यात मऊ उकडतात आणि गरम असतानाच लोणी व त्याच पाण्यातले थोडे पाणी घालून घोटतात. निवल्यावर स्टार्च घट्ट होऊन गोळा दगडासारखा बसतो, म्हणून पाण्यात कंजुषी नको. वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. सोबत तळलेले चीज, सलामी, अंडे. गुरुकुंज मोझरीत करून पाहायचे तर अंजनगाव सुर्जीकडची कच्ची केळी चालतील. मात्र ती पिकवून खायच्या जातीची, तेव्हा पाणी बेतानेच. व्हिनेगरऐवजी लिंबू. तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या गावात सलामीचे काय करावे, हे लेखकाने सांगितलेले नाही. भाजलेले शेंगदाणे बरे. सोलताना हाताला तेल लावावे, चिकाचे डाग लवकर जात नाहीत. — संपा.