वीजवाहक हॉट मेल्ट : कार्बन नॅनोनलिकांची आसंजके

कार्बन नॅनोनलिका मिसळून वीजवाहक केलेले थर्मोप्लास्टिक आसंजक. ईव्हीए, पॉलिअमाइड किंवा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन हा त्याचा पाया. तापवले की वितळते, निवले की धरते, पुन्हा तापवले की सुटते. पायाचे हे प्लास्टिक मुळात वीजरोधक, म्हणून त्यात वीजवाहक पूड मिसळतात. चांदीच्या आसंजकात ही पूड वजनाने बहुधा 70 ते 80 टक्के घालावी लागते, कारण कण एकमेकांना टेकून सलग वाट झाल्याशिवाय वीज पलीकडे जात नाही. नॅनोनलिकेची लांबी जाडीच्या शेकडो पट असल्याने अशी वाट एक-दोन टक्क्यांतही होते. मात्र शेजारच्या नलिकांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा उरतो आणि तिथेच रोध साठतो. जाहिरातीत एकट्या नलिकेच्या वाहकतेचा आकडा मिरवतात. प्रत्यक्ष सांध्याचा रोध चांदीच्या आसंजकाच्या हजारो पट असू शकतो. तेव्हा सोल्डरला पर्याय म्हणून याकडे पाहणेच चूक. स्थिर वीज वाहून नेणे, विद्युतचुंबकीय आडोसा करणे आणि प्रवाह सोडून सांधा आतूनच तापवणे, ही त्याची खरी कामे. शेवटच्या कामामुळे जोडलेले भाग न फोडता सोडवता येतात.

स्थिर विजेपुरते स्वस्त कार्बन ब्लॅक पुरेल, हा आक्षेप निम्मा खरा आहे. साध्या कार्बन ब्लॅकचे प्रमाण बऱ्याचदा 15 ते 20 टक्क्यांवर न्यावे लागते. वितळलेला रस घट्ट होतो, पृष्ठभागावर नीट पसरत नाही, सांधा ठिसूळ होतो. सांध्यावर भार नसेल तिथे नॅनोनलिका हा वायफळ खर्चच. भार असेल तिथे निकाल मिसळण्यावर लागतो, आणि ही विद्या प्लास्टिक उद्योगाला परकी नाही. दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये मास्टरबॅचचे, म्हणजे नलिका दाट मिसळलेल्या प्लास्टिकचे, दाणे पातळ करताना जोर कमी पडला तर गुठळ्या राहतात, जास्त झाला तर नलिका तुटून आखूड होतात. निवण्याचा वेगही मोजावा लागतो. रस काही वेळ वितळलेला ठेवल्यास नलिकांचे विस्कटलेले जाळे पुन्हा जुळते, म्हणून एकाच घाण्यातले दोन सांधे वेगळा रोध दाखवू शकतात.

नॅनोनलिकांच्या धुळीचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 2013 मध्ये कामाच्या जागेच्या हवेसाठी घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली; 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-7 हा बहुभिंती नॅनोनलिकांचा प्रकार संभाव्य कर्ककारक ठरवला. छोट्या कारखान्याने सुटी पूड न हाताळता तयार मास्टरबॅच घेणे इष्ट. तरी निवलेला सांधा घासताना, कापताना धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागतेच.