कुडें येथील बुद्धमूर्ति आणि शिवमाचा लेख

पेण-रोहें या बाजूस प्राचीन अवशेष पाहण्यास जाणाऱ्या अभ्यासकानें रोह्याच्या दक्षिणेस, तळें तालुक्यांतील कुडें गांवचीं लेणीं पाहिल्यावांचून परतूं नये. राजपुरीच्या खाडीवर, मांदाडनजीक डोंगरांत हीं २६ लेणीं कोरलेलीं आहेत. येथील लेखांचें वाचन भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं १८८१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं सहाव्या लेण्यांतील बुद्धमूर्तींचा काळ कोणता, एवढाच प्रश्न येथें विचारांत घेतों.

या लेण्याचा मूळ लेख प्राकृतांत आहे. महाभोज सडगेरी विजया हिचा पुत्र महाभोज मांडव खंडपालित याचा सेवक, सुलसदत्त व उत्तरदत्ता यांचा पुत्र आणि लेखक शिवभूति याचा धाकटा भाऊ शिवम यानें हें लेणें दिलें, असें त्यांत म्हटलें आहे. पहिल्या क्रमांकाचें लेणें त्या शिवभूतीचें. म्हणजे लेखणीवर उपजीविका करणाऱ्या घराण्यानें येथें दोन लेणीं कोरविलीं. जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांस ही गोष्ट खचित आपलीशी वाटेल. लेख पुढें सांगतो कीं, शिवमाची पत्नी विजया व पुत्र यांनीं ‘सेलरूपकम’, म्हणजे शैलरूपकर्म केलें आणि त्याच्या कन्यांनीं स्तंभ दिले.

या ‘सेलरूपकम’ शब्दामुळें लेण्यांतील सर्वच मूर्ति विजयेच्या व तिच्या पुत्रांच्या खात्यावर मांडण्याचा मोह होतो. परंतु तसें करतां येत नाहीं. लेण्याच्या गाभाऱ्यांत आहे तो दगोबा. मूळच्या उपासकांस पूजेसाठीं बुद्धाच्या मनुष्यरूपाची गरज नव्हती. स्त्रीपुरुषांचीं जीं मोठीं युगुलें येथें कोरलेलीं आहेत, तींच त्या कुटुंबाचें शैलरूपकर्म होत, असें आमचें मत आहे.

बुद्धमूर्तींची घडण निराळी आहे. कमळावर पाय टेकून बसलेला बुद्ध, खालीं चक्र व हरणें, कमळाचा देठ तोलून धरणारे नाग आणि बाजूंस चवरीधारी, हा सर्व परिवार महायान काळांतील आहे. याहून बळकट पुरावा लेखांचा. शाक्यभिक्षु बुद्धसिंघ याचा दानलेख व उपासिका व्याघ्रका हिचा लेख यांची भाषा संस्कृत वळणाची असून अक्षरवटिका पांचव्या-सहाव्या शतकांतील आहे. मूळ लेख सामान्यतः इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानतात. तेव्हां शिवम व बुद्धसिंघ यांच्यामध्यें निदान शंभर वर्षांचें अंतर पडतें.

पोथीच्या समासांत दुसऱ्या हातानें लिहिलेला मजकूर मूळ ग्रंथकाराचा म्हणून कोणी छापीत नाहीं. तोच न्याय भिंतीस लावला पाहिजे. एका लेण्याची एक तारीख ठरवून तींत मूर्तींस बसविलें, तर दोन पिढ्यांच्याच नव्हे, दोन युगांच्या श्रद्धा एकत्र कालवल्या जातात.

मात्र नंतरची भर म्हणून या मूर्ति गौण ठरत नाहींत. महाभोजांची सत्ता लयास गेल्यावरही या डोंगरांत संघ नांदत होता, याची साक्ष त्यांच्यावांचून मिळाली नसती. शाक्यभिक्षु संघदेव याच्या लेखांत बुद्धाच्या दीपासाठीं शेत दिल्याचें सांगून, तें हिरावणारास पंचमहापातकांचा दोष सांगितला आहे. शेताचें नांव ‘छेंदिन’ असें वाचतात. भिंतीवरील दिव्यास जमिनीचा आधार होता, तो असा.

तळें, मांदाड व राजपुरी भागांतील जुनीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं शेतांच्या व थळांच्या यादींत या नांवाशीं जुळणारें कांहीं आढळतें काय, तें अवश्य पाहावें. आढळल्यास शिलालेख व दप्तर यांची सांगड घालणारा तो एक मोलाचा दुवा होईल.