दम आधी येतो, हाड मागून

नागपुरातला लकडगंज हा भाग नावाप्रमाणेच लाकडाचा. आरा मशीनचा कर्कश आवाज, हवेत भुशाचा वास आणि दुकानांपुढे रचून ठेवलेले सागाचे ओंडके ही त्याची जुनी ओळख. डिसेंबरच्या पहाटे मात्र मशीन बंद असतात आणि रस्ते मोकळे असतात. काही वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, आम्ही या रस्त्यांवर पुन्हा धावायला सुरुवात केली. महिन्याभरातच उजव्या नडगीत, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखू लागले. हाडाला बारीक भेग गेल्याचे निदान झाले. धावणे सहा आठवडे बंद!

सातव्या आठवड्यात आम्ही परत रस्त्यावर आलो. पहिले काही दिवस धाप लागली. तिसऱ्या आठवड्यात दम पूर्वीसारखा झाला, म्हणून खुशीत अंतर वाढवले. चौथ्या आठवड्यात त्याच जागी तीच कळ आली. आम्ही विश्रांती तर पुरेपूर घेतली होती. मग चुकले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जवळजवळ तीनशे वर्षे मागे गेलो. गंमत म्हणजे त्या वाटेवर पहिला भेटला तो लाकडाचाच एक जाणकार.

लाल हाडांची गोष्ट

लंडनमध्ये जॉन बेल्चियर नावाचे एक शल्यवैद्य होते. कापडावर छपाई करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे ते जेवायला गेले असता त्यांना ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे लाल दिसली. चौकशी केल्यावर कळले, की कापड रंगवताना वापरलेला मंजिष्ठा मिसळलेला कोंडा त्या डुकरांना खायला घालत. मंजिष्ठा म्हणजे लाल रंग देणारी वनस्पतीची मुळे. बेल्चियर यांनी हे निरीक्षण १७३६ साली प्रसिद्ध केले.

ही बातमी फ्रान्समध्ये दुहामेल द्यु मोन्सो यांच्यापर्यंत पोहोचली. दुहामेल हे वनस्पतींचे अभ्यासक. फ्रेंच आरमाराच्या जहाजांसाठी चांगले लाकूड कसे वाढवावे, कसे टिकवावे, हा त्यांच्या कामाचाच विषय. झाडाच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो आणि तो दरवर्षी लाकडाचे नवे वलय चढवतो, हे त्यांना ठाऊक होते. हाडही असेच वाढत असेल का? त्यांनी लहान प्राण्यांना काही दिवस मंजिष्ठा घातलेले अन्न दिले, मग काही दिवस साधे अन्न दिले, मग पुन्हा मंजिष्ठा. पुढे ती हाडे आडवी कापून पाहिली, तर त्यांत लाल आणि पांढरी वलये एकाआड एक दिसली. हाडावरचे पातळ वेष्टन झाडाच्या सालीखालच्या थरासारखे काम करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे प्रयोग १७४० च्या सुमाराचे.

त्यांनी आणखी एक प्रयोग केला. वाढत्या हाडाभोवती चांदीची बारीक तार गुंडाळली. काही काळाने ती तार हाडाच्या आत गेलेली आढळली, आणि नंतर तर थेट मधल्या पोकळीत. तार जागची हलली नव्हती. बाहेरून नवे हाड चढत होते आणि आतून जुने हाड नाहीसे होत होते. हे आतून नाहीसे होणे किती महत्त्वाचे आहे, ते पुढे जॉन हंटर यांनी लंडनमध्ये दाखवून दिले.

लाकूड आणि हाड यांतला मोठा फरक इथेच आहे. झाड फक्त जोडत जाते. ऐंशी वर्षांपूर्वीचे वलय ओंडक्यात जसेच्या तसे सापडते. हाड मात्र जोडते आणि मोडतेही. आपल्या हाडांत जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी असतात आणि मागोमाग नवा भाग बांधणाऱ्या पेशी असतात. एखाद्या जागी पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, पण तीच जागा भरून पक्की व्हायला तीन महिने किंवा अधिक काळ लागतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

यारीचे गणित

हाड कुठे मोडायचे आणि कुठे बांधायचे, हे कोण ठरवते? झुरिचमध्ये १८६६ च्या सुमारास हेर्मान फोन मायर हे शरीररचनातज्ज्ञ मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद दाखवत होते. आतल्या जाळीतल्या बारीक काड्या ठरावीक वक्र रेषांत मांडलेल्या होत्या. कार्ल कुल्मान हे अभियंते ते पाहून चकित झाले. ओझे उचलणाऱ्या यारीत ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, तशाच त्या रेषा होत्या! यावरून पुढे जाऊन बर्लिनचे यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. हाडावर जसा भार पडतो, तसे ते स्वतःची रचना बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. वोल्फ यांच्या गणितातल्या काही गोष्टींत नंतर सुधारणा झाल्या, पण गाभा टिकला. भार हा हाडाला मिळणारा निरोप आहे. निरोप आला नाही, तर हाड झिजते. अंतराळवीरांच्या हाडांतून कॅल्शियम कमी होते, ते याच कारणाने.

शिपायांचे पाय

मग भार द्यावा आणि हाड बळकट करावे, इतके हे सोपे आहे का? तसे नाही, हे शिपायांच्या पायांनी आधीच सांगितले होते. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली लिहिले, की लांब कूच करणाऱ्या नव्या शिपायांचे पाय सुजतात आणि दुखतात, पण मार लागल्याची खूण कुठेच नसते. या दुखण्याचे कारण चाळीस वर्षे गूढच राहिले. १८९५ साली रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि १८९७ साली श्टेकोव यांनी अशा पायांची छायाचित्रे घेतली. तळपायाच्या लांब हाडांना भेगा गेलेल्या दिसल्या. ना पडणे, ना आपटणे; नुसते चालून हाड मोडले होते.

आता मघाचे दोन आकडे आठवा. नवा भार पडू लागला की हाड बदलायला लागते, पण बदलाची पहिली पायरी पोखरण्याची असते. म्हणून सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड जास्त बळकट न होता उलट थोडे नाजूक होते. नेमक्या त्याच वेळी कूच वाढवली, तर भरणी होण्याआधीच भेग पडते. दुरुस्तीसाठी उखडलेल्या पुलावरून गाड्या सोडाव्यात, तसा हा प्रकार आहे.

विश्रांतीचे राज्य

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन टॉमस यांनी सांध्यांच्या आणि हाडांच्या दुखण्यावर सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हा उपाय मानला. त्यांनी तयार केलेला मांडीचा आधार पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या कामी आला आणि तो आजही वापरात आहे. आपल्याकडचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत, त्यामागचाही हेतू मोडलेले हाड हलू नये हाच. मोडलेली टोके स्थिर ठेवणे योग्यच होते. पण यातून विश्रांती म्हणजेच उपचार, अशी समजूत दृढ झाली. फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनिएर हे मर्दन आणि हालचालीचा आग्रह धरत होते, पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

विश्रांतीची किंमत मोजली गेली ती १९६६ साली अमेरिकेत, डॅलस येथे. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, ज्याला आपण ढोबळमानाने दम म्हणतो, ती एक चतुर्थांशाहून अधिक घटली. आठ आठवड्यांच्या सरावाने ती भरून आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने दमाचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपेने केले होते!

गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री दिली. ती शाळाशाळांत पोहोचली. २०१४ साली खुद्द मर्किन यांनीच लिहिले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. आपलेच सूत्र मागे घेणारा शास्त्रज्ञ मुलांना जरूर सांगावा.

आमची चूक

आता आमच्या नडगीचा उलगडा होतो. डॅलसच्या तरुणांचा दम आठ आठवड्यांत परतला. म्हणजे हृदय आणि स्नायू आठवड्यांच्या हिशेबाने सुधारतात, तर हाडे आणि कंडरा महिन्यांच्या हिशेबाने. आम्ही दमाला विचारले, "तयार आहेस का?" तो म्हणाला, "आहे." नडगीला विचारलेच नाही. सहा आठवडे विश्रांती घेतली, ही चूक नव्हती. विश्रांती संपली म्हणजे दुरुस्ती संपली असे मानले, ही चूक होती.

मोठ्या खेळाडूंनाही यातून सुटका नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे हे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतले आपले नामवंत धावपटू. सैन्यात असताना ते सियाचीनच्या थंडीत राहिले आणि धावण्याकडे वळले ते त्यानंतर. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धा हुकली, पण त्याच वर्षी त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून त्यांच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेत तुटलेल्या बंधाच्या जागी कंडरेचा तुकडा बसवतात. शरीर त्या तुकड्यालाही आधी पोखरते आणि मग नव्याने विणते. पहिल्या काही महिन्यांत गुडघ्याची सूज उतरते, दुखणे थांबते, आणि त्याच काळात तो तुकडा सर्वांत अशक्त असतो. म्हणून साधारण नऊ महिन्यांच्या आत खेळात परतू नये, असे डॉक्टर बजावतात.

आपला हिवाळा

आता प्रश्न आपल्या शाळांचा. युरोपात हिवाळा म्हणजे बर्फ आणि चिखल. तिथले धावपटू हिवाळ्यात संथ, लांब सराव करून पाया घालतात आणि उन्हाळ्यात शर्यती पळतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. आधी काही महिने लांब धाव, मग चढ, शेवटी वेग. आठशे मीटर पळणारे पीटर स्नेलही बावीस मैलांची डोंगरी फेरी धावत. रग्बीतल्या दुखापतीने डावा हात लुळा पडलेले मरे हालबर्ग हे त्यांचे दुसरे शिष्य. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये दोघांनी एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली.

नागपुरात गणित उलटे आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तर हिवाळा हाच धावण्याचा ऋतू. म्हणून शर्यतीही हिवाळ्यातच होतात. बहुतेक शाळांत दिवाळीच्या सुट्टीनंतर सराव सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत क्रीडास्पर्धा येतात. म्हणजे सरावाला सहा ते आठ आठवडे. दमाला तेवढे पुरतात. पण हाडांचे पोखरणे झालेले असते आणि भरणी अर्धवट असते, अशा वेळी आपण मुलांना जिवाच्या आकांताने पळायला लावतो. नडगी धरून बसलेली मुले आपण दरवर्षी पाहतो आणि त्यांना "नाटक करतोस" असे म्हणतो, किंवा "आता धावणे सोड" असे सांगतो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

यावर उपाय पैशांचा नाही, पंचांगाचा आहे. लिडियार्ड यांच्या देशातला हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आपला पावसाळा. पाया आपणही तेव्हाच घालू शकतो. व्हरांड्यात दोरीवरच्या थोड्या उड्या, उघडीप मिळाली की मैदानावर हलकी धाव, आठवड्यातून तीन दिवस. दिवाळीपर्यंत हाडांना त्यांचे तीन महिने मिळतात.

दुखापतीनंतर परतणाऱ्या मुलासाठी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. अर्धा तास न दुखता चालता येईपर्यंत धावणे नको. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल, तेही एक दिवसाआड. आधी वेळ वाढवावी, वेग बऱ्याच नंतर, आणि दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नको. थंडीत स्नायू आखडलेले असतात, म्हणून दहा मिनिटे चालून अंग गरम करावे. पहाटेची थंड हवा शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर जमिनीलगत कोंडून ठेवते, तेव्हा ऊन पडल्यावर धावलेले बरे. हाडावर एकाच बिंदूवर दाबून दुखत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर थांबावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे. पहिल्या आठवड्यांत क्ष-किरण छायाचित्रात अशी भेग अनेकदा दिसत नाही, म्हणून छायाचित्र स्वच्छ आले तरी मुलावर अविश्वास नको. खूप धावणाऱ्या मुलीचे खाणे अपुरे असेल आणि पाळी थांबली असेल, तर तिची हाडे धोक्यात आहेत असे समजावे आणि तिच्या आईशी बोलावे.

एक काम वर्गात करून पाहा. आरा मशीनवरून किंवा सुताराकडून सागाच्या ओंडक्याची आडवी चकती आणा. मुलांना वलये मोजू द्या. मग विचारा: हाड असेच वाढत असते, तर आपल्या हाडात आपल्या जन्माचे वलय सापडले असते का? दुहामेल यांची चांदीची तार मुलांना आठवते का, ते पाहा.

आम्ही नंतर पाच महिने घेतले. पहिले दोन महिने दम आम्हाला "चला पुढे" म्हणत होता आणि आम्ही त्याचे ऐकत नव्हतो. पुढच्या डिसेंबरात, लकडगंजात आरा मशीन सुरू होण्याआधी, ओंडक्यांच्या राशींवरून आम्ही धावत गेलो. नडगी दुखली नाही.