शेजपाळी (सांगवी व नीरा डावा कालवा)

कालव्याच्या एका चारीवरील शेतांना ठरलेल्या क्रमाने आळीपाळीने पाणी देण्याची पद्धत. सांगवी हे बारामती तालुक्यातले नीराकाठचे गाव, फलटण रस्त्यावर. नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. 1885 साली सुरू झालेला इथला नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांना पाणी देतो. त्यामागे भाटघर (1928) आणि वीर (1965) ही धरणे आहेत.

कालवा बारमाही वाहत नाही, ठरावीक काळाने पाणी, म्हणजे आवर्तन, सुटते. शेतकरी सात नंबरच्या अर्जावर पीक व क्षेत्र लिहून पाणी मागतो, मंजुरीनंतर पाळी लागते. नियमाप्रमाणे पाळी टेलकडून, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतापासून, सुरू होऊन वर सरकते. हा उलटा क्रम मोठ्या शहाणपणाचा. वरच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून पाणी वाहते, ते त्याला हवे तेव्हा वळवता येते. टेलवाल्याला ते पोचेपर्यंत दिसतही नाही. म्हणून ज्याचा हात आखूड, त्याचे भिजणे आधी. अर्थात रात्री वरचे दार कुणी फोडले, तर कागदावरचा क्रम कागदावरच राहतो. मग पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यापेक्षा शेजारच्याचीच राखण कामी येते. दारे धरणारे दोघेतिघे बॅटरी घेऊन चारीने वरपर्यंत फिरून येतात.

उसाने सगळे पाणी पिऊ नये यासाठी अभियंते विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आखली: गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकी क्षेत्रात कमी पाण्याची पिके, आणि उसाची जागा फिरती.

विहिरीवरचा सहकार कालव्यावरच्या पाळीहून जुना आणि बिननोंदणीचा. भावकीतली सामाईक विहीर आण्यांत वाटली जाते. आठ आणेवाल्याला चार आणेवाल्याच्या दुप्पट पाळी. मोटेच्या काळी दिवस मोजत, आता मोटारीचे तास मोजतात. वीज एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्री असली, की रात्रपाळीही वाटून घ्यावी लागते. भांडणे बहुधा इथेच होतात.

2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने कालव्यावरील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापाने मोजून पाणी देण्याची तरतूद केली. संस्थेच्या संचालक मंडळावर मुखाचे, मधले आणि टेलचे असे तिन्ही भागांतले शेतकरी असावे लागतात. तरीही उन्हाळी आवर्तन लांबले, की पहिली झळ बसते ती कालव्याच्या टेलला, इंदापूर तालुक्यात.