१० फेब्रुवारी : टिळक आणि नगरचे सेमिनरी

१८९५ : कवी नारायण वामन टिळक यांचा मुंबईत बाप्तिस्मा. पुढे ते अहमदनगरला आले. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे छोटेखानी थिऑलॉजिकल सेमिनरी होते, मिशनरी डॉ. ह्यूम यांनी १८७८मध्ये सुरू केलेले. होतकरू पाळकांना शिकवायला टिळक तिथे रुजू झाले. १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण त्यांचे खरे काम उपासनेतल्या भाषेचे. विलायती चालींच्या जागी अभंग आले, टाळ-मृदंग आले, ख्रिस्ती कीर्तन रुजले. मिशनऱ्यांना जे साधले नाही, ते या कोकणस्थ कवीने केले. १९१७मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला. मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही गातात.