बाग टिकते ती झाडे ओळखणाऱ्यांमुळे

🧵 १/ चार माणसांना निवांत एकत्र बसायला हक्काची जागा लागते. खेड्यात ती पार, देवळाचे आवार किंवा नदीचा घाट असते. शहरात सार्वजनिक बाग. जागा साऱ्यांची असली की तिची राखण कोणी करायची, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाचा हा छोटा इतिहास.

२/ इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे भीमाकाठचे गाव. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयात गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले तेव्हा ते पुन्हा उघडे पडले आणि पाहणाऱ्यांची रीघ लागली. एवढ्या मोठ्या प्रकल्पापुढे गावाच्या सामाईक जागेचा निभाव लागला नव्हता.

३/ शहरातील सामाईक जागेवर धरणाचे पाणी येत नाही. तिच्यावर संकट येते ते बहुधा नव्या आराखड्याच्या रूपाने. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेवर ते आले. तेथे मात्र निकाल वेगळा लागला. तो का, हे समजण्यासाठी बागेच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

४/ ही बाग उभी केली ती ‘ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या हौशी मंडळींच्या संस्थेने. जगन्नाथ शंकरशेट हे तिचे पहिले भारतीय अध्यक्ष. संस्थेची आधीची बाग शिवडीस होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली. म्हणजे या बागेची कथाच मुळी विस्थापनापासून सुरू होते.

५/ भायखळ्यास नवी जागा मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली. १८७३ मध्ये संस्थेचे काम थांबले व बाग नगरपालिकेकडे आली. १८९० च्या सुमारास प्राणिसंग्रहालय जोडले गेले. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

६/ लोकांच्या मनात राहिले ते प्राणी. झाडांकडे सहसा लक्ष गेले नाही. वास्तविक येथे ३,००० हून अधिक वृक्ष आहेत. गोरखचिंच, कैलासपती आणि क्वचितच दृष्टीस पडणारी उर्वशी त्यांत आहेत. मोजके वृक्षप्रेमी मात्र येथे नेमाने येत, झाडे ओळखत, बहर पाहत, सोबतच्यांना नावे सांगत. हा त्यांचा छंद होता, निव्वळ आनंदासाठी केलेला.

७/ २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाचा ४०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आराखडा पुढे आला. नव्या बांधकामांत जुन्या वृक्षांचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना पडला. ज्यांना पडला, ते प्रामुख्याने हेच झाडे पाहणारे लोक होते.

८/ ‘सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन’ उभे राहिले. या स्वयंसेवकांत स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. वारसा समितीपुढे आक्षेप मांडताना त्यांच्या हाती केवळ भावना नव्हती. जातींची नावे आणि वृक्षांची संख्या होती. बागेच्या दीडशे वर्षांनिमित्त २०१२ मध्ये तिच्यावर ग्रंथही निघाला.

९/ मूळ आराखडा जसाच्या तसा राबवला गेला नाही. हा संपूर्ण विजय नव्हता: बांधकामे झाली, २०१६ मध्ये पेंग्विन आले. परंतु ही बाग वनस्पतिउद्यान आहे, हे विसरून यापुढे कोणालाही निर्णय घेता येणार नाही. छंदाची नोंद झाली, आणि नोंदीचा पुरावा झाला.

१०/ आता पुन्हा उजनीकडे. पळसदेवपासून थोड्याच अंतरावर, भिगवण-कुंभारगावच्या काठावर, मासेमारी करणारे नावाडी हिवाळ्यात पाहुण्यांना रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब दाखवतात. ज्या पाण्याने जुन्या सामाईक जागा नेल्या, त्याच पाण्यावर ही एक नवी जागा तयार झाली आहे.

११/ स्वयंसेवा म्हटले की खराटा व खुरपे डोळ्यांपुढे येतात. तीही हवीतच. पण राणीच्या बागेत त्याआधीचे एक काम निर्णायक ठरले: वारंवार जाणे, रमणे आणि जे दिसते त्याचे नाव जाणून घेणे. नाव ठाऊक असलेले झाड गुपचूप तोडणे फार कठीण असते.